प्रलयाचा चितारी : जॉन मार्टिन



चित्र हा डोळ्यांचा विषय आणि आकाशवाणी ही केवळ कानांची सोबतीण. तेव्हां चित्रकलेवर बोलावयास बसणाऱ्याची पंचाईत उघडच आहे. तरीपण आज ज्या चित्रांचा परिचय मी आपणांस करून देणार आहें, तीं चित्रें मुळांत ऐकलेल्या कथांतूनच जन्मलीं. ज्यांच्यासाठीं तीं रंगविलीं गेलीं, त्यांच्यापैकीं बहुतेकांना त्या कथा प्रार्थनामंदिरांतील प्रवचनांतून आणि घरांतील वाचनांतून पाठ झालेल्या होत्या. म्हणून आपणहि आधीं कथा ऐकावी आणि मग मनश्चक्षूंपुढें चित्र उभें करावें, हाच मार्ग सोयीचा होईल.

बायबलाच्या जुन्या करारांत दानीएल नांवाच्या द्रष्ट्याचा ग्रंथ आहे. त्यांत बाबिलोनचा राजा बेलशस्सर याची कथा येते. राजानें आपल्या हजार सरदारांना मेजवानी दिली, आणि मद्याच्या धुंदींत यरुशलेमच्या मंदिरांतून लुटून आणलेलीं पवित्र पात्रें पिण्यासाठीं मागविलीं. त्याच घटकेस एका हाताचीं बोटें प्रकट झालीं आणि त्यांनीं भिंतीवर कांहीं अक्षरें लिहिलीं. दरबारांतील एकाहि पंडिताला तीं वाचतां येईनात. शेवटीं दानीएलाला बोलावणें गेलें. राज्याचे दिवस भरले, राजा तराजूंत हलका ठरला आणि राज्याची वांटणी झाली, असा त्यानें त्या अक्षरांचा अर्थ सांगितला. त्याच रात्रीं राजा मारला गेला.

ही कथा लंडनच्या एका चित्रकारानें रंगवून १८२१ सालीं ‘ब्रिटिश इन्स्टिट्यूशन’ या संस्थेच्या प्रदर्शनांत मांडली. चित्रांत राजा आहे, दानीएल आहे, भेदरलेले सरदार आहेत. परंतु पाहणाऱ्याची दृष्टि त्यांच्यावर ठरत नाहीं. प्रचंड खांबांच्या रांगा दूरवर धांवत गेल्या आहेत. उघड्या आकाशाखालीं मजल्यावर मजले चढले आहेत आणि त्यांवर माणसें मुंग्यांसारखीं दाटलीं आहेत. पाठीमागें काळ्या ढगांत बाबेलचा बुरूज शिरलेला दिसतो. आणि एका बाजूस भिंतीवर तीं अक्षरें अशीं पेटलीं आहेत कीं, मेजवानीचे सारे दिवे त्यांच्यापुढें फिके पडावे! हें चित्र पाहण्यास लोकांची एकच झुंबड उडाली. गर्दीला आवरण्यासाठीं चित्रापुढें कठडा घालावा लागला, आणि प्रदर्शनाची मुदत तीन आठवडे वाढवावी लागली. संस्थेनें चित्रकाराला दोनशें गिनींचें पारितोषिक दिलें. त्या चित्रकाराचें नांव जॉन मार्टिन.

मार्टिनचा जन्म १९ जुलै १७८९ रोजीं, म्हणजे पॅरिसमध्यें बॅस्तीचा तुरुंग फुटल्याला पांच दिवस होतात न होतात तोंच, इंग्लंडच्या उत्तरेकडील नॉर्थंबरलंड परगण्यांत हेडन ब्रिज या गांवीं एका खोलीच्या घरांत झाला. घरची स्थिति बेताचीच. मुलाचा हात चित्रांकडे वळतो असें पाहून बापानें त्याला न्यूकॅसल येथील एका घोडागाड्या बांधणाऱ्याकडे उमेदवार म्हणून ठेवलें. श्रीमंतांच्या गाड्यांवर त्यांचीं कुलचिन्हें रंगवावीं, हें तेथें शिकावयाचें होतें. पण पगारावरून मालकाशीं बिनसलें आणि करार मोडला. मग बोनिफास मुसो या इटालियन चित्रकारापाशीं त्यानें धडे घेतले आणि १८०६ सालीं लंडन गांठलें. तेथें चिनी मातीच्या व कांचेच्या भांड्यांवर रंगकाम करून तो पोट भरी आणि रात्रीं दृष्टिक्रम व वास्तुशिल्प यांचा अभ्यास करी.

१८१२ सालीं त्याचें पहिलें मोठें चित्र रॉयल अॅकॅडमींत लागलें. एका पौर्वात्य धर्तीच्या अद्भुत कथेंतील सॅडक नांवाचा वीर विस्मृतीच्या जलाचा शोध करीत कडा चढत आहे, असा त्यांतील प्रसंग. चौकट बसविणारे कामगार चित्राची वरची बाजू कोणती याचाच वाद घालीत होते, असें मार्टिन पुढें सांगत असे. चित्र पन्नास गिनींस विकलें गेलें. या पहिल्या चित्रांतच त्याची सारी रीत दिसते : चिमुकला मनुष्य आणि त्याच्याभोंवतीं अफाट, खवळलेली सृष्टि.

यापुढें तो बायबलाकडे वळला. १८१६ सालीं त्यानें यहोशवाचें चित्र मांडलें. यहोशवा या सेनापतीनें लढाई पुरी होईपर्यंत सूर्याला गिबोन नगरावर थांबण्याची आज्ञा केली, अशी ती कथा आहे. १८१९ सालीं बाबिलोनचा पाडाव, १८२३ सालीं मिसर देशावरील सातवी आपत्ति, १८२६ सालीं जलप्रलय, १८२८ सालीं निनवे नगराचा नाश, अशीं एकामागून एक चित्रें येत गेलीं. सर्वांचा विषय थोडक्यांत सांगावयाचा तर एकच : गर्वानें फुगलेलें नगर आणि त्याच्यावर कोसळणारें आकाश.

आतां कोणी विचारील, धार्मिक चित्र म्हटलें कीं संत, देवदूत, मातेच्या मांडीवरील बालयेशू असें कांहीं डोळ्यांसमोर येतें. मग येथें डोंगर, ढग आणि वीज यांनाच एवढें माहात्म्य कां? याचें उत्तर इंग्लंडच्या धर्मेतिहासांत आहे. सोळाव्या शतकांत इंग्लंड रोमच्या धर्मपीठापासून फुटून निघालें. त्या सुधारणेच्या भरांत देवळांतील मूर्ति फोडल्या गेल्या आणि भिंतींवरील चित्रांना चुना फांसला गेला. कारण तीं मूर्तिपूजेचीं साधनें, अशी समजूत होती. इटलींत किंवा स्पेनमध्यें चित्रकाराला देवळाकडून काम मिळे; इंग्लंडांत तो दरवाजा बहुतेक बंद होता. देवाचें रूप रंगविणें तर फारच जोखमीचें. परंतु बायबल मात्र लोकांच्या हातीं होतें, आणि मेथॉडिस्ट वगैरे नव्या पंथांनीं तें खाणींतल्या मजुरापर्यंत पोंचविलें होतें. लोकांना कथा हव्या होत्या, चित्रें हवीं होतीं. पण देवाचा चेहरा नको होता.

मार्टिनच्या चित्रांनीं ही अडचण सोडविली. देव दिसावयाचा नाहीं. त्याची साक्ष सृष्टीनें द्यावयाची. मिसरवर गारांचा मारा होतो तेव्हां मोशे हा हात उंचावलेला एक लहानसा पुरुष असतो. बोलतें तें आकाश. आपल्याकडे मनूला माशानें प्रलयाची आगाऊ सूचना दिल्याची कथा आहे. तींत माशाचें रूप आपण निःशंकपणें काढतों. मार्टिनच्या लोकांना ती मोकळीक नव्हती; म्हणून त्यांच्या प्रलयांत केवळ पाणी, खडक आणि अंधार यांनींच देवाचा कोप सांगावयाचा होता. सृष्टिचित्र आणि धर्मचित्र हे दोन निरनिराळे प्रकार मार्टिनपाशीं असे एक झाले.

याला त्या काळच्या सौंदर्यविचाराचाहि आधार होता. वॉरन हेस्टिंग्जवर अभियोग चालविणारा म्हणून आपल्या परिचयाचा असलेला एडमंड बर्क यानें १७५७ सालीं उदात्त व सुंदर यांवर एक प्रबंध प्रसिद्ध केला होता. जें विशाल, अंधारें, अमर्याद व भयंकर असतें, तें सुरक्षित जागेवरून पाहिलें असतां मनाला एक प्रकारचा थरारक आनंद देतें, असा त्याचा सिद्धांत. मार्टिननें हा थरार मोजमापानें साधला. आगगाडीचे रूळ दूर जातांना एका बिंदूंत मिळाल्यासारखे दिसतात, हें आपण पाहतों. त्याच नियमानें तो खांबांच्या रांगा दूर नेई आणि प्रत्येक खांबापाशीं माणसें ठेवी. पाहणारा माणसाच्या उंचीवरून खांब मोजूं लागे, खांबांवरून दालन मोजूं लागे आणि अखेरीस त्याची मति गुंग होई.

हीं प्राचीन नगरें त्यानें बसविलीं तरी कशाच्या आधारावर? निनवेच्या परिसरांत लेयर्डचें उत्खनन १८४५ नंतर झालें. मार्टिननें चित्रें काढलीं तेव्हां त्या नगरांचे अवशेष मातीखालीं होते. म्हणून त्यानें मिसरी आणि अतिप्राचीन भारतीय अशा दोन शिल्पपद्धतींचें मिश्रण केलें, आणि तसें स्वतः सांगितलेंहि. येथें आपला महाराष्ट्र या कथेंत शिरतो. सवाई माधवराव व नाना फडणवीस यांचीं चित्रें काढणारा स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स यानें वेरूळच्या लेण्यांचीं रेखाटनें केलीं होतीं. तो १७९५ सालीं ठाण्यास वारला. त्याच्या रेखाटनांवरून टॉमस डॅनियल यानें पुढें लंडनमध्यें वेरूळच्या दृश्यांचा मोठा चित्रसंग्रह प्रसिद्ध केला. याच डॅनियलच्या सल्ल्यानें ग्लॉस्टरशायर परगण्यांत सेझिनकोट नांवाचा एक वाडा हिंदुस्थानी धर्तीवर बांधण्यांत आला. आणि १८१७ च्या सुमारास त्या वाड्याचीं चित्रें काढण्याचें काम मार्टिनकडे आलें. त्यानंतर दोनच वर्षांनीं त्याचें बाबिलोन लोकांपुढें आलें. तेव्हां त्याच्या नगरांतील भारतीय अंश अगदींच कपोलकल्पित नव्हता, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

आतां समाजाकडे पाहूं. नेपोलियनशीं चाललेलें दीर्घ युद्ध १८१५ सालीं संपलें. पण शांततेबरोबर सुबत्ता आली नाहीं. धान्य महाग झालें, सुटलेले शिपाई बेकार फिरूं लागले. १८१९ सालीं मँचेस्टर येथें मताधिकार मागण्यास जमलेल्या निःशस्त्र समुदायावर घोडेस्वार घालण्यांत आले. चौथा जॉर्ज उधळेपणाबद्दल अगोदरच बदनाम होता, आणि बेलशस्सराच्या मेजवानीचें चित्र ज्या वर्षीं लागलें त्याच वर्षीं त्याचा राज्याभिषेक अलोट खर्चानें साजरा झाला. जुनीं राज्यें डोळ्यांदेखत उलथतांना पाहिलेल्या त्या पिढींतील पुष्कळांना जगाचा अंत जवळ आला असें मनापासून वाटे. भविष्यकथनाच्या पुस्तकांना खप होता आणि स्वतःस द्रष्टे म्हणविणाऱ्यांना अनुयायी होते.

हा विश्वास किती जिवंत होता याचा पुरावा मार्टिनच्या घरांतच मिळाला. त्याचा भाऊ जोनाथन याला स्वप्नें पडत, आणि धर्मगुरूंना शासन करण्याची आपणांस देवाची आज्ञा आहे असें वाटे. फेब्रुवारी १८२९ मध्यें त्यानें यॉर्कच्या प्रसिद्ध प्रार्थनामंदिरास आग लावली. गायकवृंदाच्या जागेचें छत व तेथील मोठा ऑर्गन हीं जळून गेलीं. न्यायालयानें त्याला वेडा ठरविलें, आणि १८३८ सालीं वेड्यांच्या रुग्णालयांतच त्याचा अंत झाला. एकाच घरांत वाढलेले दोघे भाऊ, एकाच ग्रंथावर पोसलेले. एकानें देवाचा अग्नि कापडावर उतरविला, दुसऱ्यानें तो देवळास लावला.

मोठीं चित्रें धनिकांच्या घरीं गेलीं, तरी मार्टिन सामान्य घरांत पोंचला तो छापील चित्रांमुळें. मेझोटिंट नांवाची एक मुद्रणपद्धति आहे. तींत धातूचा पत्रा दातेरी हत्यारानें सर्वत्र खरखरीत करतात. तशा पत्र्यावर शाई लावून छापलें तर नुसता मखमलीसारखा काळोख उमटतो. मग जेथें उजेड हवा तेथें पत्रा खरवडून गुळगुळीत करावयाचा. म्हणजे या कलेंत चित्रकार काळोखापासून आरंभ करतो आणि त्यांतून प्रकाश काढतो. मार्टिनच्या विषयांना याहून योग्य साधन तें कोणतें? तांब्याऐवजीं पोलादाचे पत्रे वापरूं लागल्यानें प्रतीहि पुष्कळ निघूं लागल्या. मिल्टनच्या ‘पॅरॅडाइज लॉस्ट’ या महाकाव्यासाठीं त्यानें केलेल्या चोवीस चित्रांबद्दल प्रकाशकानें त्याला दोन हजार गिनी दिल्या. १८३१ पासून त्यानें बायबलाचीं चित्रें स्वतःच छापून काढलीं. ब्राँटे भगिनींच्या बापाच्या घरांत, यॉर्कशायरमधील हॉवर्थ या गांवीं, मार्टिनचीं छापील चित्रें भिंतीवर होतीं. त्या बुद्धिमान मुलांच्या कल्पनेला त्यांनीं खाद्य पुरविलें. ज्या धर्मानें देवळांतून चित्र घालविलें, त्याच धर्माच्या घरांत तें अशा रीतीनें परत आलें.

टीकाकार मात्र प्रसन्न नव्हते. हें चित्र नव्हे, नाटकगृहाचा पडदा आहे. माणसांचे चेहरे व शरीरें कच्चीं आहेत. एकच युक्ति पुनः पुनः वापरली आहे, असे आक्षेप आले. चार्ल्स लॅमसारख्या रसिकानेंहि त्याच्यावर टीका केली, आणि रस्किननें त्याला मुळींच मान दिला नाहीं. रॉयल अॅकॅडमीचें सदस्यत्व त्याला कधीं मिळालें नाहीं. या आक्षेपांत तथ्य नाहीं असें नाहीं. मार्टिनचीं माणसें जवळून पाहिलीं तर खरोखरच बाहुल्यांसारखीं वाटतात. परंतु त्याच्या चित्राचा नायक एक माणूस नसून समुदाय आहे, हें टीकाकारांनीं ध्यानांत घेतलें नाहीं. शिलिंग देऊन चित्र पाहण्यास येणारा कारागीर त्या समुदायांत स्वतःला ओळखत होता. शिवाय नाटकी म्हणून ज्याला हिणवावें, त्यामागें कळकळ असूंच शकत नाहीं, असें थोडेंच आहे?

त्या कळकळीचा पुरावा चित्रांच्या बाहेर आहे. लंडन शहर तेव्हां झपाट्यानें वाढत होतें. शहराचा सारा मैला टेम्स नदींत जाई आणि त्याच नदीचें पाणी लोक पीत. १८३२ सालीं पटकीनें तेथें हाहाकार केला. त्याच्याहि पूर्वीं, १८२७-२८ च्या सुमारास, मार्टिननें एक योजना लोकांपुढें मांडली होती : शहराबाहेरील कोल्न नदीचें स्वच्छ पाणी आणून लंडनला पुरवावें. पुढें त्यानें दुसरी योजना दिली. नदीच्या दोन्ही तीरांस धक्के बांधावे, त्यांच्या आंतून मोठीं गटारें नेऊन मैला नदींत पडण्यापूर्वींच अडवावा आणि त्याचें खत शेतांस द्यावें, असा तिचा आशय. वीस वर्षें तो पत्रकें काढीत, नकाशे आंखीत आणि समित्यांपुढें साक्षी देत राहिला. चित्रांवर मिळविलेला पैसा त्यानें या खटाटोपांत घातला व तो कर्जबाजारी होण्याच्या बेतास आला. त्याच्या हयातींत यांपैकीं कांहींच घडलें नाहीं. त्याच्या मृत्यूनंतर १८५८ च्या उन्हाळ्यांत टेम्सची दुर्गंधि पार्लमेंटच्या सभागृहांत शिरली, तेव्हां सरकार जागें झालें. आणि जोसेफ बॅझलजेट या इंजिनियरानें मोठीं गटारें व नदीचे धक्के बांधून काढले. मूळ कल्पना मांडणाऱ्यांत एक चितारी होता, याची आठवण फारच थोड्यांना राहिली.

आयुष्याच्या अखेरीस मार्टिननें अंतिम न्यायाचीं तीन प्रचंड चित्रें हातीं घेतलीं : शेवटचा निवाडा, देवाच्या क्रोधाचा महान दिवस आणि स्वर्गाचीं मैदानें. क्रोधाच्या चित्रांत डोंगरच्या डोंगर नगरांसह उलटून खालीं पडत आहेत आणि मध्यें लालभडक दरी उघडली आहे. इंग्लंडच्या मध्यभागांतील लोखंडाच्या भट्ट्यांच्या मुलखांतून रात्रीं प्रवास करतांना जो जाळ दिसला, त्यावरून हें दृश्य बापाला सुचलें, असें त्याच्या मुलानें नमूद केलें आहे. निवाड्याच्या चित्रांत तर एक आगगाडीच दरींत कोसळतांना दिसते! प्राचीन ग्रंथांतला नरक आणि नव्या यंत्रयुगाचा धूर येथें एकाच आकाशाखालीं आले. हीं चित्रें पुरीं होतांच त्याला पक्षाघाताचा झटका आला आणि १७ फेब्रुवारी १८५४ रोजीं आइल ऑफ मॅन या बेटावर त्याचें निधन झालें. चित्रें मात्र पुढें कित्येक वर्षें ब्रिटन, अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया या देशांतून फिरलीं; लोक तिकीट काढून तीं पाहत.

मग अभिरुचि पालटली. डार्विनचा ग्रंथ १८५९ सालीं आला. पृथ्वीचा इतिहास अचानक आलेल्या प्रलयांनीं नव्हे, तर सावकाश होणाऱ्या फेरफारांनीं घडला, असें भूगर्भशास्त्र सांगूं लागलें. शेवटच्या निवाड्याचें भय ओसरलें. ज्या तीन चित्रांसाठीं लाखों लोकांनीं रांगा लावल्या, तीं १९३५ सालीं अवघ्या सात पौंडांस विकलीं गेलीं. तरी त्याची नगररचना मेली नव्हती : १९१६ सालीं अमेरिकेंत ग्रिफिथनें काढलेल्या ‘इन्टॉलरन्स’ या मूकपटांतील बाबिलोन मार्टिनचीच आठवण करून देतें. आतां तीं तिन्ही चित्रें पुनः एकत्र येऊन लंडनच्या टेट संग्रहालयांत आहेत, आणि २०११ सालीं तेथें मार्टिनच्या चित्रांचें मोठें प्रदर्शन भरलें.

त्या प्रदर्शनांत पाँपेई नगराच्या नाशाचें त्याचें १८२२ सालचें चित्रहि होतें. जानेवारी १९२८ मध्यें टेम्स नदी धक्का फोडून टेटच्या तळघरांत शिरली, तेव्हां हें चित्र पाण्यांत सांपडलें आणि त्याचा एक मोठा तुकडा नाहींसा झाला. ऐंशीहून अधिक वर्षांनीं जाणत्या कारागिरांनीं तें सांधून पुनः उभें केलें. ज्या नदीला बांध घाला म्हणून मार्टिन जन्मभर सांगत राहिला, त्याच नदीनें त्याचें चित्र बुडवावें, हा योगायोग विलक्षण खरा!

मार्टिनच्या कलेचें मोल ठरवितांना हीं दोन अंगें वेगळीं करूं नयेत, असें मला वाटतें. नगराचा नाश रंगविणें सोपें नसलें तरी त्यांत टाळ्या मिळतात, पैसाहि मिळतो. पण ज्यानें नाशाचें चित्र काढलें, त्यालाच आपलें स्वतःचें नगर वांचविण्याची तळमळ लागावी, असें क्वचितच घडतें. भिंतीवरचीं अक्षरें मोठ्यानें वाचून दाखविणारे पुष्कळ भेटतात. तीं वाचून झाल्यावर गटाराचा नकाशा काढावयास बसणारा मात्र विरळा. जॉन मार्टिन हा त्या विरळ्यांपैकीं एक होता.